डाव्या डोळ्यावर फोकस

४ जून

भाड्याने आणलेली पस्तीस एमेमची लेन्स मोठ्या कॅमेऱ्यावर चढवली आणि पहिल्याच फोटोत कळलं — ही दयामाया करणारी नाही. कडेपर्यंत स्वच्छ! मागच्या पडद्याची वीणसुद्धा मोजून घ्या. हातात हलकी. फोकसची रिंग जरा सैल आहे, पण चालेल.

टेस्टला धाकटी बहीण. दुसरं कोण? दिवसभर खिडकीपाशी त्या खुर्चीत बसून असते. उजेड बाजूने येतो, मॉडेल हलत नाही, नखरे करत नाही. आणखी काय पाहिजे!

खरी गंमत डोळ्यावरच्या ऑटोफोकसची. हिरवा चौकोन येतो आणि डोळा पकडतो. माणसाची पापणी लवली की सुटतो, परत शोधतो. धाकटीचा डावा डोळा मिटतच नाही. चौकोन तिथे जाऊन बसला तो बसलाच! इतका पक्का फोकस मला आजवर कुणाच्या डोळ्यावर मिळाला नव्हता.

तिला तसं सांगितलं. म्हणाली, "चला, कुणाच्या तरी उपयोगी पडला."

५ जून

कालचं वाचलं. हसूच आलं. वाईट बाई आहे मी. असो, हे काही कुणी वाचणार नाही.

मागच्या वर्षी एका सकाळी धाकटी हॉटेलच्या रिसेप्शनवर उभी राहून चहा पीत होती आणि चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर उतरला. आधी सगळे हसले. तीही हसली — आणि मग कुणी हसेना. चेहऱ्याची डावी बाजू गेली होती. गाल लोंबलेला, भुवई खाली, डोळा उघडा. बहुतेकांचं सुधारतं म्हणे. हिचं थोडं सुधारलं आणि थांबलं. डॉक्टर म्हणाले, आता आहे हे असं आहे.

हॉटेलने जो चेहरा बघून तिला ठेवलं होतं, तोच बघून काढली. एका ठिकाणी लग्नाचं ठरत आलं होतं — त्याचे फोन आधी कमी झाले, मग बंद. आता आई, मी आणि ती. घरातले सगळे आरसे तिने उतरवून पलंगाखाली सरकवलेत. मी भांग पाडते खिडकीच्या काचेत बघून. कॅमेराही मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, घरही बिनआरशाचं!

९ जून

बिनआवाजाचं शटर लावून ठेवलंय. फोटो कधी निघाला ते तिला कळत नाही.

१२ जून

आज पन्नास. सरळमार्गी लेन्स. खोट काढायला जागा नाही, आणि आठवणीत राहावं असंही काही नाही. म्हणजे मीच.

लहानपणी मामा कॅमेरा घेऊन यायचा. "धाकटे, इकडे बघ! धाकटे, मान वर! — आणि तू गं, हिचा स्वेटर धर जरा." अल्बममध्ये मी कुठे आहे? माझं कोपर आहे. एका फोटोत स्वेटर धरलेला हात आहे. चांगला आलाय हात.

आता कॅमेरा माझ्याकडे आहे.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कशाला छळतेस तिला?"

"छळत नाही. शिकतेय."

"मग भांड्यांचे काढ ना!"

धाकटी खुर्चीतून म्हणाली, "काढू दे गं आई. मलाही बसून दुसरं काय काम आहे?" बोलताना तिचे प आणि ब फुस्सकन् सुटतात. एकेकाळी या आवाजासाठी लोक उगीच पुन्हा फोन करायचे.

१५ जून

भिंगवाल्यांकडे पन्नास परत दिली. माझ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतलं दुकान. जुने कॅमेरे विकतात, लेन्सेस आठवड्यावर भाड्याने देतात. राखाडी ॲप्रन, खिशात ब्रश आणि हवा मारायचा रबरी फुगा. पन्नाशीचे असतील. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकटेच असतात. बोलणं कमी. लेन्स परत घेताना ती उजेडाकडे धरून इतकं निरखून बघतात की मलाच अवघडल्यासारखं होतं.

मी फोटो दाखवले. त्यांनी मोठ्या स्क्रीनवर लावले. एक… दुसरा… तिसऱ्यावर थांबले. दुसरं गिऱ्हाईक आलं, ताटकळलं, निघून गेलं. हे तसेच.

"मॅडम, या कोण?"

"आहे घरातलीच."

"हं." मग स्क्रीनच्या आणखी जवळ जाऊन — "आणखी काढा. मला पाठवत जा."

पाठवत जा! फोटोग्राफी क्लबमधल्या लोकांनी मला आजवर 'बरा आहे' याच्या पुढे काही म्हटलेलं नाही. आणि हा माणूस, ज्याच्या हाताखालून हजारो फोटो गेले, तो म्हणतो पाठवत जा.

दुपारी हॉस्पिटलात ड्यूटीवर, एक्स-रेच्या टेबलावर एका आजोबांना म्हटलं, श्वास घ्या, धरून ठेवा — आणि 'सोडा' म्हणायचं विसरले! आजोबा जांभळे झाले बिचारे.

२० जून

पंच्याऐंशी. सगळे हिच्या नावाने आरती ओवाळतात. पोर्ट्रेटची राणी म्हणे!

लावली. लांबून काढावा लागतो, खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि — धाकटी. म्हणजे पूर्वीची. गाल सपाट झाला, मागची भिंत विरघळून गेली, सावलीने डावी बाजू अर्धी झाकली. देखणी. अजूनही!

मी फोटो काढलाच नाही.

लेन्स मुदतीच्या आधीच परत केली. भिंगवाले म्हणाले, "काय बिघडलं? हीच तर सगळ्यांना हवी असते."

"मला नको. गुळमुळीत आहे."

त्यांनी मान हलवली. मला वाटतं त्यांना ते आवडलं. मला वाटतं आमच्या दोघांची नजर सारखी आहे.

२७ जून

धाकटीने आपणहून विचारलं! "ताई, माझा एक चांगला काढशील? एका फोन कंपनीत जागा आहे. घरून बोलायचं काम आहे. चेहरा कोण बघणारे, पण त्यांना अर्जासोबत फोटो हवाय."

केस धुतले होते. निळा शर्ट इस्त्री करून घातला होता. लिपस्टिक — डाव्या कोपऱ्यात जरा वाहवली होती, मी सांगितलं नाही.

बॅगेत पन्नास होती, पुन्हा भाड्याने आणलेली. ती लावली असती तरी पासपोर्टसारखा सरळ, बरा फोटो आला असता. मी चोवीस लावली. एवढी रुंद लेन्स घेऊन चेहऱ्याच्या अगदी जवळ गेलं की जे पुढे आहे ते फुगतं आणि जे लोंबतंय ते आणखी लोंबतं. हे मला माहीत आहे. कॅमेरा धरणाऱ्या कुणालाही माहीत असतं. वर ट्यूबलाइट लावली. डाव्या बाजूने गेले.

"जवळ आलीस ना खूप?"

"लेन्सच तशी आहे."

स्क्रीनवर बघितलं तिने. बराच वेळ. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा स्वतःला बघत होती — आरसे पलंगाखाली, आणि समोर हे. मग म्हणाली, "फोकस छान आलाय." आणि तोच पाठवला.

मी थांबवू शकले असते. चहा टाकायला गेले.

४ जुलै

फोन कंपनीचं उत्तर आलं. जागा भरली म्हणे. धाकटीने निळा शर्ट धुवायला टाकला. एकदाच घातलेला.

आई माझ्याकडे बघत होती. मी पेपर वाचत होते.

११ जुलै

भिंगवाल्यांनी आज स्वतः होऊन एक जुनी लेन्स दिली. पितळी, जडशीळ, ॲडॅप्टर लावून बसवायची. "ही भाड्याने देत नाही. तुम्ही न्या, मॅडम. त्यांच्यावर वापरून बघा."

तुम्ही न्या! चालत नाही, तरंगत घरी आले.

या लेन्सला ऑटोफोकस नाही. हाताने रिंग फिरवायची, जिथे फोकस बसेल तिथे कडांना लाल रेघा चमकतात. भुवईवर लाल, मग पापणीवर, मग परत निसटतं. बघत राहावं लागतं. दुसरा इलाज नाही. घाईत फिरवली की गेलं.

धाकटी म्हणाली, "ताई, किती वेळ बघतेयस. एवढा वेळ तू माझ्याकडे कधी बघितलं नाहीस. हे झाल्यापासून तर नाहीच."

मी म्हटलं, "हलू नकोस. श्वास घे — धरून ठेव —"

तिला हसू फुटलं. हॉस्पिटलमधला तो आवाज काढला होता मी, चुकून. उजवी बाजू हसली, डावी जागची हलली नाही, आणि उघड्या डोळ्यातून पाणी आलं.

"रडत नाहीये हं. तो डोळा गळतो."

"माहितेय."

मलाही हसू येत होतं. क्षणभर दोघी शाळेतल्या वाटलो. कॅमेरा खाली ठेवावा आणि तिचा डोळा पुसावा असं मनात आलं. तेवढ्यात लाल रेघ नेमकी त्या पाण्याच्या कडेवर बसली.

काढला.

लेन्सबद्दल — कडा मऊ, मधोमध धारदार. उजेड समोरून आला की धुरकट होते. आजवरची सगळ्यांत चांगली.

१२ जुलै

कालचा फोटो त्यांना पाठवला. तासाभराने उत्तर — "हा मोठा करून लावू का दुकानात?"

लावू का! विचारताय काय! धाकटीला मी विचारलं नाही. फोटो माझा आहे.

१८ जुलै

लावलाय! दारातून शिरलं की समोरच्या भिंतीवर. माझ्या कमरेपासून डोक्याच्या वर जाईल एवढा. केस रंगवून गेले होते मी. आई म्हणाली, "आज काय विशेष?" म्हटलं, काही नाही.

आत दोन पोरं ट्रायपॉड बघायला आली होती, ती ट्रायपॉड सोडून फोटो बघत उभी. एक म्हणालं, "कसलं भारी." मला वाटलं सांगावं — मी काढलाय, मी!

भिंगवाल्यांनी फोटोखाली लावायची एक छोटी पट्टी काउंटरवर ठेवली, हातात पेन.

"नाव काय लिहू?"

मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट. स्पेलिंग सांगायला लागले.

ते थांबले. पेन तसंच. "नाही — म्हणजे, तुमचं लिहितोच की. यांचं काय?"

मी स्पेलिंग अर्ध्यात सोडलं. तिचं नाव सांगितलं. त्यांनी आधी तिचं लिहिलं. वर, मोठ्या अक्षरात. माझं खाली, बारीक. मग विचारलं, "त्या येतील का कधी दुकानात?"

"ती? ती घराबाहेर पडत नाही. तिला माणसंच आवडत नाहीत."

"असं?"

"स्वभाव विचित्र झालाय. चिडते. वस्तू फेकते." धाकटीने आयुष्यात उशीसुद्धा फेकलेली नाही.

"हं," म्हणाले. आणि माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघून म्हणाले.

१९ जुलै

मी मूर्ख आहे. सेहेचाळीस वर्षांची मूर्ख.

त्यांना 'पाठवत जा' म्हणजे कुणाचे फोटो हवे होते ते आता कळलं. लेन्स 'तुम्ही न्या' म्हणजे कुणावर वापरायला, तेही त्यांनी सांगितलंच होतं की! स्पष्ट. मराठीत.

अर्धा चेहरा गेला तिचा. अर्धा राहिला. आणि त्या अर्ध्यानेसुद्धा तिने त्यांना — खोलीच्या बाहेर पाऊल न टाकता!

२५ जुलै

आज सांगितलं तिला. ठरवून. तिला लाज वाटावी, ती मोडून पडावी, म्हणावी की काढून टाकायला सांग त्या माणसाला — म्हणजे मी जाऊन सांगेन, म्हणजे सगळं संपेल. हे सगळं डोक्यात नीट रचून गेले होते.

ती डोळ्यात औषध घालत होती. मी म्हटलं, "तुझा फोटो दुकानात लावलाय. भिंतीवर. रस्त्यावरून जाणारा-येणारा प्रत्येक जण बघतो. डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसतं."

आई किंचाळली, "अगं काय केलंस हे!"

धाकटीने बाटलीचं झाकण लावलं. "केवढा?"

हाताने दाखवला.

"कुठला? ज्यात हसू आलं होतं तो?"

"हो."

उठली. पावसाळी गारठा होता, स्वेटर चढवला. सँडल शोधले, पलंगाखाली आरशांच्या मागे गेले होते, वाकून काढले. आई म्हणाली, "स्कार्फ तरी बांध गं तोंडाला." ती दारात थांबली, विचार केला आणि म्हणाली, "आई, तिथे एवढा मोठा टांगलाय. इथे बांधून काय करू?"

मी मागोमाग गेले. मला बघायचं होतं ती कशी मोडते ते. लिहितेय तेच खरं आहे, म्हणून लिहितेय. रस्त्यात माणसं वळून बघत होती. एका बाईने पोराचा चेहरा आपल्याकडे वळवून घेतला. धाकटीने हात खिशात घातले. चालत राहिली.

दुकानात शिरली आणि भिंतीसमोर उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत. खालची, वरची. भिंगवाले काउंटरमागून हळूच बाहेर आले. मी त्यांना काउंटरच्या अलीकडे कधी बघितलंच नव्हतं. बुटके आहेत.

तीच आधी म्हणाली, "ही बया रडतेय असं वाटतं सगळ्यांना?"

"मला नाही वाटलं," ते म्हणाले. "मला वाटलं कुणीतरी हसवलंय."

"ताईने." तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. "ती एक्स-रेचा आवाज काढते."

मग ते हसले. मला माहीतच नव्हतं ते हसतात. ती विचारत राहिली — ही लेन्स कुठली, एवढी जड का, पाणी एवढं स्पष्ट आणि कान एवढा मऊ कसा? हे सांगत राहिले. तिचे प आणि ब फुस्स होत होते आणि ते जरा पुढे झुकून ऐकत होते. ज्याला मी वर्षभर प्रश्न विचारून विचारून दोन वाक्यं काढायचे, तो माणूस बोलत सुटला होता. फोटोवर काचेची चमक येत होती म्हणून त्यांनी तिला जरा डावीकडे उभं राहायला सांगितलं. आणि मला म्हणाले, "मॅडम, जरा सरकता का? उजेड अडतोय."

सरकले. माझ्या हातात तिचा स्वेटर होता. कधी घेतला, कळलं नाही.

२ ऑगस्ट

धाकटी परत गेली दुकानात. आणि परवाही. सेन्सर साफ कसा करतात ते शिकतेय म्हणे.

५ ऑगस्ट

तिच्या डोळ्यातल्या औषधाची बाटली मी उचलून माझ्या कपाटात ठेवली. का ते माहीत नाही. ती जाऊन नवी घेऊन आली. आता कपाटात ती बाटली आहे, आणि मला ती फेकताही येत नाही, परतही ठेवता येत नाही.

९ ऑगस्ट

शेवटचा उपाय केला. हॉटेलातल्या दिवसांचा तिचा फोटो शोधून काढला — दोन्ही बाजू जागेवर, दात, डोळे, सगळं. मान जरा तिरकी. त्या फोटोपायी माणसं वेडी व्हायची. धाकटी आईला डॉक्टरकडे घेऊन गेली होती तेव्हा मी तो दुकानात नेला. काउंटरवर ठेवला.

"ही खरी ती. तुम्हाला माहीत असावं म्हणून दाखवतेय. तुम्ही जे बघताय ते… उरलेलं आहे."

हे शब्द मी म्हटले. घरून जुळवून नेले होते.

त्यांनी फोटो उचलला. उजेडाकडे धरला, लेन्स धरतात तसा. मला वाटलं आता कळेल त्यांना काय गेलंय ते. चेहरा पडेल.

"छान आहेत," म्हणाले. कुणाच्या तरी लग्नातले फोटो बघून म्हणतात तसं. आणि दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. "पण यांना मी ओळखत नाही, मॅडम."

मग ॲप्रनला हात पुसले. "ती पितळी लेन्स सवडीने आणून द्या. घाई नाही."

१० ऑगस्ट

लेन्स दिली नाही. देणार नाही.

१६ ऑगस्ट

छोटा कॅमेरा, पितळी लेन्स. मॉडेल — रिकामी खुर्ची. खिडकीचा उजेड तोच. हिरवा चौकोन डोळा शोधत फिरतो. जुन्या लेन्सवर त्याचं काही चालत नाही, तरी मेला शोधतोय.

आई म्हणाली, "माझा काढ." बसली. पदर, केस, चष्मा, सगळं नीट केलं. मी दोन काढले. म्हणाली, "कसा आलाय?" म्हटलं, "चांगला." बघून म्हणाली, "मी एवढी दमलेली दिसते?"

पुसून टाकले दोन्ही.

२३ ऑगस्ट

धाकटी सकाळी जाते, संध्याकाळी येते. मी विचारत नाही. आई सांगायला लागली की मी रेडिओ मोठा करते. आरसे परत भिंतीवर लागलेत. आज भांग पाडताना स्वतःला बघितलं. दोन्ही बाजू सारख्या. काही म्हणजे काही नाही त्यात.

३० ऑगस्ट

लेन्स द्यायला गेले शेवटी. भिंगवाले आतल्या खोलीत होते, खोकल्याचा आवाज येत होता. काउंटरमागे धाकटी. राखाडी ॲप्रन, खिशात रबरी फुगा. एका माणसाला लेन्स उजेडाकडे धरून दाखवत होती. मान वर केली.

"या ताई, काय दाखवू?"

बहिणीला म्हणाली, की दुकानात कुठल्याही बाईला म्हणतात तसं म्हणाली — कळलं नाही. लेन्स पिशवीतच राहिली.

म्हटलं, "काही नाही. नुसतं बघतेय."